घोडा ज्याचा, फोटो त्याचा

सारंगखेड्याच्या यात्रेची बातमी तुम्ही दरवर्षी वाचता. मार्गशीर्षातली दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यातलं हे तापीकाठचं गाव वर्तमानपत्रांत झळकतं. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग छापून येते आणि शेजारच्या चौकटीत एक उंचापुरा घोडा. खाली ठळक अक्षरांत किंमत. बातमीत एवढंच नसतं की हा घोडा विकायला आणलेलाच नाही. ‘कोटीला मागितला, पण दिला नाही’ हे वाक्य मालक ज्या सहजपणे म्हणतो त्यावरून ते किती वेळा म्हणून झालंय ते कळतं. मागणारा कोण, हे विचारायचं नसतं. नर घोड्याचं नाव झालं की त्याच्याकडे घोड्या भरवून घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्याचा दर ठरवताना छापील किंमत उपयोगी पडते. अशाच एका कोटीवाल्याचा मी काढलेला फोटो एका स्थानिक पानावर आला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर किंमत पंचवीस लाखांनी चढलेली. ‘एका रात्रीत?’ मी विचारलं. ‘पेपरात फोटो आला ना भाऊ!’ मालक म्हणाला. फोटो कोणाचा, तर पानावर लिहिल्याप्रमाणे मालकाचा.

हा या बाजारातला अलिखित कायदा आहे: घोडा ज्याचा, फोटो त्याचा. आम्ही हौशी फोटोग्राफर त्या कायद्याखाली वावरतो. यात्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस कशात मोडतो यावर घोडेवाल्यांचं एकमत नाही. आठवडाभर टेबलावर बसणारी, शनिवार-रविवारी धूळ खाणारी ही जमात. कुणी बँकेतला, कुणी औषधविक्रेता, एक तर निवृत्त तलाठी. त्याला सगळेच दबकून असतात, कारण फोटो काढायच्या आधी तो सवयीने घोड्याच्या चतुःसीमा पाहतो.

तुम्ही कौतुकाने पाहता ते फोटो साधारण असे असतात: पहाटेचं धुकं, तिरपं ऊन, उधळलेली धूळ आणि तिच्यात घोड्याची काळी आकृती. प्रदर्शनात अशा फोटोला बक्षीस मिळतं. मालकाला दाखवलात तर तो स्क्रीन डोळ्याशी नेऊन विचारतो, ‘कान कुठे आहेत?’ प्रश्न रास्त आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याची ओळखच कान. आत वळलेले, आणि टवकारले की टोकाला टोक भिडणारे. त्या दोन टोकांमध्ये फट दिसली तर घोड्याच्या कुळाबद्दल शंका निघते आणि शंकेला बाजारात भाव असतो. मग चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, शेपटी पूर्ण हवी, मान उचललेली हवी. धूळ नको, धुकं नको, आणि मावळता सूर्य तर मुळीच नको, कारण त्यात कुमेत घोडा आणि काळा घोडा सारखाच दिसतो. ज्या फोटोवर माझा जीव होता त्याबद्दल एका मालकाचा अभिप्राय असा: ‘छान आहे, पण यात घोडा नाही.’

उंचीचा खेळ वेगळाच. इथे घोडा इंचांत मोजतात आणि चौसष्टच्या पुढचा प्रत्येक इंच रुपयांत वाढतो. म्हणून फोटोसाठी घोडा उभा करताना पुढचे पाय हळूच उंचवट्यावर घेतले जातात, आणि धरायला घरातला सगळ्यात बुटका पोरगा उभा राहतो. फोटोग्राफरला जमिनीवर बसायला सांगतात. खालून काढला की घोडा आभाळाला टेकतो. ही युक्ती फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं प्रत्येक मालकाला वाटतं. एका मुरलेल्या दलालाला मी असा एक फोटो दाखवला. त्याने घोड्याकडे पाहिलंच नाही. पोटाखालून मागचा तंबू किती दिसतो ते पाहिलं आणि मला विचारलं, ‘बसून काढला की झोपून?’ मी ‘बसून’ म्हटल्यावर त्याने मनातल्या मनात दोन इंच वजा केले. झोपून काढला असता तर तीन गेले असते.

कान उभे करणं हा स्वतंत्र उद्योग आहे. घोडा दिवसभर माणसं पाहून कंटाळलेला असतो. तो तुमच्या कॅमेऱ्यासाठी कशाला कान टवकारेल? मग चंदीची बादली वाजवायची, प्लास्टिकची पिशवी चुरगाळायची, शिट्टी घालायची. हल्ली एक नवी युक्ती निघाली आहे: मोबाइलवर घोडीचं खिंकाळणं वाजवायचं. एका उत्साही भाच्याने मामाच्या घोड्यासाठी ते वाजवलं, तेही ब्लूटूथच्या भोंग्यावर. मामाच्या घोड्याने कान टवकारले. त्याच्या शेजारच्याने टवकारले. मग रांगेतल्या झाडून सगळ्या नरांनी टवकारले आणि पुढच्या क्षणी अगाडी-पिछाडीचे दोर ताणले गेले, दोन मेखा उपटल्या आणि चहावाला किटलीसह तंबूत शिरला. त्या गोंधळात माझ्याकडून एक फोटो उत्तम निघाला: मागे संपूर्ण रांग आणि कवायतीत असावेत तसे सगळे कान सरळ. मामांनी तो नाकारला. शेजाऱ्याच्या घोड्याचे कान जास्त चांगले आले होते.

भोवऱ्यांचं प्रकरण नाजूक. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि कुठला भोवरा कुठे, यावरून तो शुभ की अशुभ हे ठरवणारं एक जुनं शास्त्र आहे. गळ्यावरचा देवमन असला की मालकाची मान ताठ. डोळ्याखाली भोवरा असला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, कारण असा घोडा मालकाला रडवतो म्हणे. कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याणी, असला की निम्मे दोष माफ. मला एकदा अगदी गोडीत विचारण्यात आलं, ‘साहेब, डोळ्याखालचं तेवढं पुसता येईल का?’ मी तत्त्वाचा माणूस असल्याने नाही म्हणालो. माझं तत्त्व दोन मिनिटं टिकलं, कारण तेवढ्या वेळात मालकाच्या नातवाने माझ्याच फोटोचा फोटो मोबाइलवर घेऊन भोवरा पुसलासुद्धा. फोटो पाहून एक गिऱ्हाईक दूरवरून आलं. त्याने घोड्याच्या डोळ्याखाली बोट फिरवलं, फोटो पाहिला, पुन्हा बोट फिरवलं. आणि घोडा घेतला! जाताना म्हणाला, ‘भोवऱ्याचं मी मानत नाही. पण तुम्ही मानता हे कळलं, म्हणून वीस हजार कमी देतो.’

रेवाल चालीने तर चांगल्या चांगल्या फोटोग्राफरना पाणी पाजलंय. या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने पडतात, पाठ हलत नाही आणि स्वार पाण्यावरून वाहत चालल्यासारखा दिसतो. हातातला भरलेला पेला हिंदकळत नाही, असं चालीची परीक्षा करणारे सांगतात. डोळ्यांना हे सुख आहे. पण हजारांश सेकंदाला कॅमेरा मिटलात की सुख गोठतं आणि हाती उरतो एका अंगाला कलंडलेला, पाय अडखळल्यासारखा घोडा. नवख्या फोटोग्राफरने असा फोटो अभिमानाने मालकाला पाठवला आणि संध्याकाळी त्याला बोलावणं आलं. ‘माझा घोडा लंगडा दाखवलास!’ जाणते लोक शटर मुद्दाम संथ ठेवतात, तीसांश सेकंदाच्या आसपास, आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत नेतात. मागची यात्रा पुसली जाते, घोडा तेवढा नीट राहतो. दहातले नऊ वाया जातात. त्या नवख्याने पुढच्या वर्षी ही विद्या शिकून अप्रतिम फोटो काढला. घोडा सुस्पष्ट, बाकी सगळ्याचे रेघांचे फराटे. मालकाने तोही नाकारला, कारण फराट्यांमध्ये त्याचे साडू होते.

आमच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे एडवर्ड मायब्रिज. त्याची अधिकृत गोष्ट शाळेतली मुलंही सांगतील: भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद, रेल्वेसम्राट लिलँड स्टॅनफर्डची पैज, आणि १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीने मांडलेल्या बारा कॅमेऱ्यांनी दिलेला निकाल. पडद्यामागे गेलं की आधी पैज गळते. तिचा कागदोपत्री पुरावा कुणाला सापडलेला नाही. मग कळतं की हा गृहस्थ १८७४ मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळी घालून बसला होता आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं नसतं तर घोड्याचे पाय आणखी काही काळ जमिनीवरच राहिले असते. सगळ्यात मजेदार भाग पत्रकारांसमोरच्या प्रात्यक्षिकाचा. सॅली गार्डनर नावाची घोडी वाटेतले दोरे तोडत धावली, एकेका दोऱ्याने एकेक कॅमेरा उडाला, आणि धावता धावता तिच्या खोगिराचा तंग तुटला, असं सांगतात. आयोजकांचा जीव गोळा झाला असेल. पण काचांवर तो तुटलेला तंगही उमटला आणि फोटो खरे आहेत याची पत्रकारांना खात्री पटली ती त्या फजितीमुळे.

चारही पाय सुटतात हे त्या फोटोंनी सिद्ध केलंच, पण ते सुटतात कधी, हे पाहून चित्रकार मंडळी हिरमुसली. पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडा हवेत उडताना रंगवला जात होता. जेरिकोचं एप्सम डर्बीचं १८२१ मधलं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही तसंच उडतंय. प्रत्यक्षात पाय जमीन सोडतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. आणि या सगळ्याचा शेवट? १८८२ मध्ये स्टॅनफर्डने ‘द हॉर्स इन मोशन’ हे जाडजूड पुस्तक काढलं. लेखक म्हणून नाव डॉक्टर स्टिलमन यांचं, आश्रयदाता म्हणून स्टॅनफर्डचं. मायब्रिजचं नाव मुखपृष्ठावर नाही. तो कोर्टात गेला आणि हरला. सारंगखेड्याच्या कायद्याला कॅलिफोर्नियाची नजीर आहे ती अशी.

पुणे जिल्ह्यातल्या घाटांत हाच वाद दोन मालकांमध्ये असतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते. स्वार तिच्या पाठीला चिकटलेला, मागे चार बैल, ‘भिर्रर्र’ची आरोळी, आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की फोटोच्या दृष्टीने घोडी ही बैलांची वैरीण आहे. समोरून काढा, बैलांची तोंडं तिच्या आड. बाजूने काढा, गर्दीचे हात. वरून भंडाऱ्याची मूठ पडली की लेन्स पिवळी, आणि ती पुसायला जो रुमाल काढाल तोही पिवळा.

बंदीच्या काळात घाटांवर गवत वाढलं होतं. शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर फ्लेक्सवाल्यांचे दिवस आले. गाडामालकाला फ्लेक्सवर बैल हवेत, तेही चारही, तेही डोळ्यांसकट. घोडीमालकाला घोडी. आणि बारी एकच. एका निकालानंतर मी काढलेला फोटो दोघांनाही पसंत पडला, हेच मुळात अघटित होतं. फ्लेक्स लावले गेले तेव्हा घोडीवाल्याच्या फ्लेक्सवर घोडी होती आणि तिच्यामागे बैलांऐवजी हिमालय होता. गाडामालकाच्या फ्लेक्सवर घोडी कापली होती, पण कापणाऱ्याने घाई केली. पुढच्या उजव्या बैलाच्या कपाळावर एक झुपकेदार शेपूट तशीच राहिली. गावातली पोरं त्या बैलाला महिनाभर ‘जटाधारी’ म्हणत होती.

शहरातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा त्या मानाने सभ्य. मखमली टोप्या, चकाकणारे बूट, टाळ्यासुद्धा बेताच्या, कारण जनावर बिचकू नये. इथे भांडणं जागेवरून होतात. उडी मारणाऱ्या घोड्याचा फोटो ज्या कोनातून खुलतो तो कोन अडथळ्याच्या थोडा पुढे, एका बाजूला असतो, आणि तिथे एकाच माणसाची बैठक मावते. दोन ज्येष्ठ हौशी फोटोग्राफर मला माहीत आहेत जे एरवी एकमेकांच्या घरी जेवायला जातात. स्पर्धेच्या दिवशी मात्र एक जण पहाटेच येऊन तिथे वर्तमानपत्र अंथरतो. दुसऱ्याने एकदा ते उचलून शांतपणे वाचलं, घडी घालून परत केलं आणि त्या जागी स्वतः बसला.

त्याच दिवशी त्या अडथळ्यापाशी घोडा अडला. पहिल्या अडण्याला चार दोष, आणि मैदानभर कुजबूज: फोटोग्राफरमुळे अडला. कुजबुजीत तथ्य असू शकतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नेमकं कपाळासमोरचं आणि पाठीमागचं दिसत नाही. शेवटच्या टप्प्यात अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो आणि तो स्वाराच्या भरवशावर उडतो. अशा वेळी डोळ्याच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेलं काहीतरी दिसलं तर त्याच्या रक्तातली जुनी भीती जागी होते. ज्येष्ठांना उठवण्यात आलं. घोडा पुन्हा आला आणि पुन्हा अडला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की स्वार मुलीचे वडील कठड्यापलीकडून लेकीला दिसावं म्हणून लालभडक छत्री उघडून हलवत होते. वडिलांना कुणी काही म्हटलं नाही. स्पर्धेचा चषक त्यांनीच दिलेला होता.

पुन्हा सारंगखेड्याला येतो, कारण खरी उलाढाल तिथेच. बातमीतले घोडे कोटीचे असले तरी बाजार चालतो तो वरातीच्या घोड्यांवर. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा नुकरा घोडा लग्नसराईत पोटाला घालतो. पण त्याच्या अंगी दोन गुण हवेत: पांढरेपणा आणि बहिरेपणा. दुसरा नसेल तर बँडच्या पहिल्या झांजेला नवरदेव खाली. म्हणून गिऱ्हाईक सोबत हलगीवाला घेऊन येतं, कुणी डबा बडवतं, कुणी दूरवर फटाके लावतं. घोडा उभा राहिला तर सौदा पुढे सरकतो. जुन्या चालीचे दलाल अजूनही हातावर उपरणं टाकून आत बोटांनी भाव करतात. त्याचा फोटो काढू का, असं मी विचारलं तर दलाल हसून म्हणाला, ‘काढा की. उपरणं धुतलेलं आहे.’

असाच एक नुकरा हलगीला बधला नाही, फटाक्याला बधला नाही. वरातीचा धंदा करणारं गिऱ्हाईक मात्र घोळात पडलं होतं. ‘आजकाल वरातीत वाजंत्र्यापेक्षा फोटोवाले जास्त,’ ते म्हणालं आणि माझ्याकडे वळलं. ‘भाऊ, तुमचा दिवा उडवा बरं.’ जनावरापुढे फ्लॅश वापरायचा नाही हा माझा नेम. विकणाऱ्यानेही हात जोडले. पण गिऱ्हाईक हटेना. शेवटी पंधरा-वीस पावलं मागे जाऊन, एका बाजूने, दिवा आभाळाकडे तोंड करून उडवायचा असं ठरलं. माणसं दाटीने उभी राहिली. मी दिवा उडवला. नुकऱ्याने पापणीही हलवली नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या टेम्पोला बांधलेली जुनी, वरातीत मुरलेली म्हणून तासभर जिची तारीफ चालली होती ती घोडी मात्र दावं तोडून थेट तापीच्या दिशेने सुटली.

तिला धरून आणेपर्यंत नुकऱ्याचा भाव पाच हजारांनी चढला होता. सौदा झाला. विकणाऱ्याने गुळाचा खडा वाटला, दलालाने दोन्ही बाजूंची दलाली घेतली, आणि मग माझ्या हातात पाचशेची नोट आली. मी म्हटलं, फोटो तर अजून काढलाच नाही. ‘फोटो कशाला?’ दलाल म्हणाला, ‘उद्या सकाळी या. आणखी दोन घोडे दाखवायचे आहेत. दिवा तेवढा भरून आणा.’